हाळी आणि मूठभर शेवंती

शिक्रापूरच्या चौकात, भर अकराच्या उन्हात, करिश्मानं जमिनीवर अंग टाकलं आणि असा सूर लावला, की टपरीवरचे ट्रकवाले हातातला चहा विसरून वळून बघायला लागले. पूनमला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात सहा वर्षांच्या भाचीचं मनगट, ओढणी खांद्यावरून घसरलेली… आणि समोर तो भिरभिरंवाला, ज्याच्याकडून दहा मिनिटांपूर्वीच एक भिरभिरं घेऊन झालं होतं.

"घे बाई, घे. घे एकदाचं!" पूनमनं दुसरं भिरभिरं तिच्या हातात कोंबलं. रडं बंद. नळ बंद करावा तसं बंद.

"हुशार हाय पोरगी," मागून कुणीतरी म्हणालं.

पूनम गर्रकन वळली. सत्ताविशीचा, सावळा, खांद्याला कापडी पिशवी लावलेला एक माणूस उभा होता. ओठांच्या कोपऱ्यात हसू दाबून धरलेलं.

"हुशार? लोळताना दिसत न्हाई व्हय ती तुम्हाला?"

"तेच म्हणतोय. किती झटक्यात शिकवलं तिनं तुम्हाला! ती लोळली, तुम्ही दिलं. उद्या परत लोळंल, तुम्ही परत द्याल. मास्तरीण ती. विद्यार्थी तुम्ही."

"आन् तुम्ही कोण? शाळा तपासणी?" पूनमचा पारा चढला. "जावा की तुमच्या वाटंनं! घरात असं लेकरू असतं ना, तवा कळलं असतं."

त्याचं हसू मावळलं. पण तो गेला नाही. तो करिश्माकडे बघत होता. इतकं लक्ष देऊन तिच्याकडे कधी कुणी बघितलं नव्हतं. लोक बघायचे ते एकतर कीव करत नाहीतर वैतागून. "ती फिरवत न्हाई," तो हळूच म्हणाला. "तुकडं करतीय त्याचं. आन् सोडून देतीय… पडताना बघतीय."

पूनमनं बघितलं. खरंच की! चमकता कागद बोटांनी फाडायचा, डोक्यावर न्यायचा, सोडायचा आणि तो गिरक्या घेत खाली येईपर्यंत श्वास धरून बघायचं. सहा वर्षं ही पोरगी तिच्या अंगाखांद्यावर वाढली, पण हे तिला कधी दिसलं नव्हतं. अनोळखी माणसासमोर हे कबूल कोण करणार? तिनं पर्समधून एक चिठ्ठी काढून त्याच्यापुढं धरली. "ते जाऊ द्या. हे सेंटर कुठं हाय तेवढं सांगा."

त्यानं चिठ्ठी वाचली. दाबलेलं हसू आता पुरतं सुटलं. "ह्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. चला… मी तिथंच कामाला हाय."

"बोंबला!" पूनम म्हणाली, आणि ते तिच्या तोंडून मोठ्यानं गेलं.

तर अशी ही गाठ पडली. त्याचं नाव दत्ता. निमोण्याचा, शेतकऱ्याच्या घरचा. मुलांची वागणूक बारकाईनं बघायची आणि तिला हळूहळू चांगलं वळण लावायचं, हे शास्त्र शिकून आलेला. वर गेल्यावर त्यानं कोरा कागद पुढं ओढला आणि विचारलं, "काय व्हावं असं वाटतं? पोरगी बोलायला लागावी?"

"बोलंल तवा बोलंल," पूनमचा आवाज एकदम बारीक झाला. "आधी जगू दे."

मग तिनं सांगितलं. राहू गावात त्यांचं घर अगदी रस्त्याला लागून. दिवाळी झाली, की त्या रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर सुरू होतात. मागं दोन-दोन ट्रॉल्या आणि पुढं ही मोठी गाण्यांची पेटी. ती गाणी कानावर पडली, की करिश्मा जिथं असेल तिथून सुटते. फाटक बघत नाही, माणूस बघत नाही. गेल्या आठवड्यात पप्पू नावाच्या ड्रायव्हरनं वीतभर अंतरावर ब्रेक मारला आणि खाली उतरून तोच रडत बसला. करिश्माची आई शितल, पूनमची भावजय, तेव्हापासून धड जेवलेली नव्हती.

दत्तानं लिहिता लिहिता पेन थांबवलं. "मंगळवारी येतो घरी. दर मंगळवारी आन् शुक्रवारी."

*

पहिल्या दोन खेपा त्यानं काहीच केलं नाही. अंगणात पोत्यावर बसला, करिश्माकडे बघत राहिला आणि वहीत खुणा करत राहिला. पूनमची आई रतनबाई जाम वैतागली. पेरू द्यावेत तर हा पठ्ठ्या हात जोडून परत करतो; कामाच्या घरचं काही घ्यायचं नाही, असा म्हणे नियम.

"नुसतं बघायलाच आलात व्हय?" पूनमनं विचारलं, आणि वाक्य सुटल्यावर दोघांनाही कळलं ते कसं ऐकू गेलं ते. दत्ता कानापर्यंत लाल झाला. पूनम वळून उगाचच बादली घासायला लागली.

तिसऱ्या खेपेला तो म्हणाला, "सापडलं." पडवीत शेवंतीच्या क्रेटी होत्या. निवडताना बाजूला काढलेली, काळवंडलेली फुलं कोपऱ्यात ढिगानं पडलेली. रतनबाईनं क्रेट रिकामी केली, की करिश्मा जिथं असेल तिथून येऊन त्या पडणाऱ्या पाकळ्या बघायची. दत्तानं मूठभर पाकळ्या घेतल्या आणि तिच्या डोक्यावर उंच उधळल्या. पिवळ्या पाकळ्या गिरक्या घेत खाली आल्या. करिश्मा चवड्यांवर उभी राहिली, दोन्ही हात पसरून… आणि हसली. आवाज करून, खळखळून हसली.

"आता हेच तिचं बक्षीस," दत्ता म्हणाला. "हाक मारली आन् ती वळली, की त्याच क्षणाला फुलं. पुस्तकात ह्याला प्रबलन म्हणतात."

"आमच्यात लाच म्हणत्यात."

"लाच आधी दाखवतात, आत्या. हे कर, मग देतो. आपण आधी काहीच दाखवायचं न्हाई. ती आपणहून वळली, की आभाळातनं फुलं. आपल्या वळण्यानं हे घडतंय, असं तिचं तिला कळलं पाहिजे."

"ते समजलं. पण मी तुमची आत्या हाय व्हय?"

"करिश्माची आत्या, म्हणून…" तो चाचरला. "सेंटरात तसंच म्हणतात सगळ्या घरच्यांना."

अडचण हाकेची होती. 'थांब' हा शब्द तिच्यासाठी कधीच मेला होता. दिवसातून शंभरदा तो तिच्या अंगावर ओरडला गेला होता, दंडाला धरून, पाठीत धपाटा घालून. त्याच्यामागून चांगलं असं काही तिच्या वाट्याला कधी आलंच नव्हतं. नावाचीही तीच गत. नवी हाक पाहिजे होती, जी तिनं कधी ऐकलेली नाही.

ओट्यावर बसलेले तात्याबा, म्हणजे पूनमचे वडील, इतका वेळ गप्प होते. सारी जवानी मेंढरांमागं चालून काढलेला माणूस. मेंढरं विकून, विहीर पाडून, ऊस-फुलं करायला लागून पंधरा वर्षं झाली, पण बसायचे अजून काठीवर हनुवटी टेकूनच.

"मेंढराला कुणी थांब म्हणत न्हाई, मास्तर," ते म्हणाले. आणि दोन्ही ओठ एकमेकांवर थरथरवून त्यांनी आवाज काढला, "ब्रर्रर्रर्र… हो!" पंधरा वर्षांत पहिल्यांदा ती हाळी त्या अंगणात घुमली. "कोकरू ल्हान असतं तवा हाळी द्यायची. आलं, की शेंगंचा पाला द्यायचा. आलं की पाला, आलं की पाला. मग जलमभर डोंगराआडनं बी येतंय."

दत्ता उठून उभाच राहिला. "आबा… हे शिकायला मी तीन वर्षं पुण्यात घालवली."

"मला इचारायचं हुतं की," तात्याबा म्हणाले.

*

सुरुवात दोन हातांवरून झाली. पूनमनं पदराच्या खोळीसारखी ओढणी बांधली, तिच्यात पाकळ्या भरल्या आणि हाळी दिली. ओठ थरथरवायला तिला आधी काही केल्या जमेना. नुसतीच थुंकी उडायची आणि दत्ता वहीआड तोंड लपवायचा. जमलं तेव्हा करिश्माची नुसती मान हलली, इतकीशी.

"आत्ता!" दत्ता ओरडला. "द्या, लगेच!"

पाकळ्या उडाल्या. पुन्हा हाळी. मान अजून थोडी. पुन्हा पाकळ्या. असं किती वेळ चाललं कोण जाणे. आणि मग एकदा, पूनमची हाळी अजून हवेत होती तोवर, ती पोरगी सगळी वळली. खांदे, पाय, चेहरा, सगळीच्या सगळी. आणि तिनं पूनमच्या डोळ्यांत बघितलं.

पूनमचा हात खोळीतच राहिला. सहा वर्षांत हे डोळे तिच्याकडे असे कधी आले नव्हते. ते नेहमी खांद्यावरून, केसांवरून, पलीकडे जायचे. आता ते इथं होते आणि वाट बघत होते. कुलूपबंद घराची खिडकी अवचित उघडावी आणि आत कुणीतरी दिवा घेऊन उभं असावं, तसं तिला झालं.

"आत्या… फुलं," दत्ता कुजबुजला.

तिनं दोन्ही मुठींनी उधळल्या. पाकळ्या करिश्मावर पडल्या, पूनमच्या केसांत अडकल्या, दत्ताच्या वहीवर पडल्या. त्यानं त्या झटकल्या नाहीत. तशीच वही मिटली.

त्या दिवसापासून पूनमला मंगळवार-शुक्रवार आधीच्या रात्रीपासून कळायला लागला. दत्ताची वेळ दहाची. एकदा तो दहा मिनिटं आधी आला, तेव्हा ती म्हणाली, "लवकर आलात, बरं झालं." पुढच्या खेपेला तो साडेनऊला हजर. तिनं पुन्हा म्हटलं, "बरं झालं." त्याच्या पुढच्या खेपेला सव्वानऊ.

"सर," तिनं अगदी गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "हे प्रबलन का काय ते, मोठ्या माणसांना बी लागू हाय व्हय?"

"हाय ना. का?"

"काही न्हाई. नोंद ठेवतीय."

त्याला कळायला दोन सेकंद लागले. मग तो असा हसला, की ओट्यावरून तात्याबांनी मान वर केली. पण दुसऱ्याच क्षणी त्यानं हसू आवरलं, नजर खाली घेतली आणि कागदात डोकं घातलं. असंच करायचा तो. दोन पावलं पुढं, की लगेच मागं.

"माझ्याकडं बघून का बोलत न्हाई तुम्ही?" एका शुक्रवारी तिनं विचारलंच.

"नियम हाय," तो कागदाला म्हणाला. "ज्या घरात काम चालू हाय, त्या घरात… दुसरं काही मनात आणायचं न्हाई."

"आन् आलंच तर?"

त्यानं वहीचं पान उलटलं. पण 'आलं नाही' असं तो म्हणाला नव्हता, हे तिनं बरोबर ध्यानात ठेवलं.

*

संक्रांतीपर्यंत करिश्मा अंगणाच्या ह्या टोकावरून त्या टोकाच्या हाळीला वळायला लागली. मग घात झाला, आणि तो घरच्यांनीच केला.

दरवर्षी ऊस तुटून गेला, की तात्याबांचे चुलतभाऊ मारुतराव आपली तीनशे मेंढरं घेऊन यायचे. रात्री मेंढरं त्या मोकळ्या रानात बसवायची. रानाला खत होतं, मेंढरांना चारा होतो. ह्या वर्षीही शनिवारी कळप आला. रतनबाईनं भाकरी टाकल्या, सगळं घर आनंदात. आणि कुणाच्या म्हणजे कुणाच्या ध्यानात आलं नाही, की मारुतरावांची हाळीही तीच. एकाच आजोबानं दोघांना शिकवलेली!

पहाटेपासून दिवस मावळेपर्यंत, पाच धनगर, शे-दोनशे वेळा, "ब्रर्रर्रर्र… हो!" पहिल्या दिवशी करिश्मा प्रत्येक हाळीला वळली आणि आभाळाकडे बघत राहिली. फुलं आली नाहीत. दुसऱ्या दिवशी कमी वळली. मंगळवारी दत्ता आला, तेव्हा पूनम तिच्यापासून चार पावलांवर उभी राहून हाळी देत होती, ओठ दुखेस्तोवर, आणि समोर नुसती पाठ होती.

तेवढ्यात लांबून गाणं ऐकू आलं. करिश्मा उठली आणि सुटली. दत्तानं गाडी तशीच खाली टाकली, फाटकाशी झेप घेतली आणि तिला अडवलं. ट्रॅक्टर धुरळा उडवत गेला. करिश्मा दत्ताच्या हातावर गुद्दे मारत होती आणि दारात शितल पदर तोंडात कोंबून उभी होती.

"माझ्याच घरची हाळी, माझ्याच भावानं आणली," तात्याबा कपाळावर हात मारत म्हणाले. "अक्कल कुठं चरायला गेली हुती माझी! आत्ताच्या आत्ता मेंढरांचा वाडा उठवतो."

"न्हाई, आबा. चूक माझी," दत्ता म्हणाला. "हाळी कुठून आली ते मी विचारायला पाहिजे हुतं. आता नवी हाक शोधू. परत पहिल्यापासनं…"

पूनम रानाकडे बघत होती. पाच माणसं, पाच टोकांना. एकेकाची नजर अशी, की तीनशे मेंढरांत एक लंगडत असलं तरी बसल्या जागी कळावं. तिच्या छातीत काहीतरी लकाकलं.

"सर, त्या पाचजणांच्या झोळीत फुलं दिली तर?"

"म्हंजी?"

"हाळी मेंढरांनाच द्यायची त्यांनी. पण पोरगी वळली, की तिच्या डोक्यावर फुलं. न्हाई वळली, तर काही न्हाई. आतापर्यंत ती माझ्याकडं वळत हुती, ह्या अंगणात. मी घरात नसले तर? मग कुणाकडं वळंल ती? पाच माणसांकडं, रानात, बांधावर, कुठंबी वळायला लागली… तर?"

दत्ता तिच्याकडे बघत राहिला. कागदाकडे नाही, खाली नाही. सरळ तिच्या चेहऱ्याकडे, आणि ते त्याच्या ध्यानातही नव्हतं. "पूनम," तो म्हणाला. आत्या नाही, पूनम. "हे मला सुचायला पाहिजे हुतं."

मारुतरावांना सांगितलं, तेव्हा त्यांनी पागोटं मागं सारलं. "आमी? फुलं उधळायची?"

"ती वळंल तवाच, काका. आन् त्याच घडीला."

"म्हंजी एक डोळा पोरीवर ठिवायचा. हात तिच्या! ठिवू की."

पुढच्या बारा दिवसांत राहूच्या त्या रानात जे दिसलं, ते बघायला शेजारपाजारचे बांधावर येऊन उभे राहायचे. पिळदार मिशांचे, घोंगडीवाले धनगर, आणि झोळीत शेवंती! आधी अगदी जवळून. मेंढरामागं चालताना शेजारनं हाळी. मग लांबून. हाळी घुमायची, तीनशे मेंढरं वळायची, आणि त्यांच्यामध्ये लाल स्वेटरातली ती एवढीशी पोर वळायची. कुणीतरी धावत जाऊन मूठ उधळायचा. सकाळच्या धुक्यात इथं पिवळं, तिथं पिवळं. अंगणात तीन आठवडे लागले होते. इथं दोन दिवसांत हाळी पुन्हा जिवंत झाली. दत्तानं मग फुलं कधी द्यायची, कधी नाही, असं करायला लावलं. करिश्मा तरीही वळायचीच. आता मिळतील, नंतर मिळतील, अशा उमेदीनं वळायची.

आणि एका दुपारी शितल, जी हाळी द्यायला कधी धजावली नव्हती, गवत कापता कापता, कुणाला ऐकू जाणार नाही अशी, ओठांतल्या ओठांत "ब्रर्र…" म्हणाली. करिश्मा वळली. आईकडे बघितलं. शितलकडे फुलं नव्हती. तिनं मातीच उधळली, गवत उधळलं आणि मग तिथंच मटकन बसून ढसाढसा रडली. पूनम आणि दत्ता बांधावर उभे होते. माणसाचं मन एवढं बंद असतं आणि एवढ्याशा गोष्टीनं उघडतं! पूनमला वाटलं, आपण देवळात उभ्या आहोत आणि चप्पल काढायची राहून गेलीय.

*

फेब्रुवारीतला गुरुवार. दत्ताचा वार नाही. कळप कधीच पुढं गेलेला. पूनम वाफ्यातून कोथिंबिरीची जुडी घेऊन येत होती, घरापासून शेताचा एक पट्टा लांब. फाटक कुणीतरी उघडं टाकलं होतं. आणि गाणं आलं.

पूनमनं लाल स्वेटर बघितला. अंगणातून फाटकात, फाटकातून रस्त्याकडे. पलीकडून ट्रॅक्टर, उतारावरून, ओझ्यानं झुलत. पळून पोचता येणार नव्हतं. तिनं ओठ जुळवले. तोंड कोरडं ठाक पडलेलं. नुसती हवा निघाली. पुन्हा. नुसती हवा. डोळ्यांपुढं काळोख आला, आणि तिनं अंगातला सगळा जीव ओठांत आणला.

"ब्रर्रर्रर्र… हो!"

डांबराच्या कडेला, शेवटच्या पावलावर, करिश्मा थांबली.

वळली. पूनमला शोधलं, पूनम सापडली. मग पोरीनं मान वर केली आणि आभाळाकडे तोंड करून, हात पसरून, ती उभी राहिली. तिच्या पाठीमागून ट्रॅक्टर गेला, दोन्ही ट्रॉल्या खडखडत गेल्या, गाणं कानठळ्या बसवत गेलं. तिनं वळून पाहिलं नाही. ती फुलांची वाट बघत होती.

पूनम काट्याकुट्यातून पळत आली. जवळ एक पाकळी नव्हती. तिनं हातातली जुडी तोडली, मोडली आणि सगळी उधळली. हिरवी पानं करिश्माच्या डोक्यावर, नाकावर, पापण्यांवर पडली. ती खळखळून हसली. पूनम गुडघ्यांवर बसून हसत होती, रडत होती, दोन्ही एकदम.

*

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, दत्तानं सगळं ऐकलं. पुन्हा एकदा ऐकलं. डोळे पुसले, कुणापासून न लपवता. मग शेवटचा कागद भरला, रतनबाईच्या आणि तात्याबांच्या पाया पडला, करिश्मावर एक मूठ उधळली आणि गाडीपाशी आला. पूनम फाटकापर्यंत मागून आली.

"म्हंजी आता येणार न्हाई तुम्ही."

"घरातल्या सगळ्यांना जमतंय आता. काही अडलं, तर सेंटरातल्या सुवर्णा मॅडम येतील. माझं काम असंच असतंय… जमलं, की मी नको होतो."

"करिश्माला नको झालात." पूनमनं फाटकाची कडी घट्ट धरली. "मला न्हाई झालात. मला तुम्ही आवडता. पहिल्या दिवशी राग आला, त्या रागासकट आवडता. काम चालू हुतं म्हणून गप्प बसले. आता संपलं, म्हणून बोलते."

दत्तानं गाडीला लावलेली किल्ली परत काढली. मग हळू आवाजात म्हणाला, "नियम अजून संपत न्हाई, पूनम. काम संपल्यावरबी दोन वर्षं."

"दोन… वर्षं?"

"ज्या घरानं आपलं लेकरू आमच्या हातात दिलं, त्या घराला आम्हाला 'न्हाई' म्हणणं जड जातं. उपकार वाटतात. मग खरं 'हो' कुठलं आन् उपकाराचं कुठलं, ते कळत न्हाई. म्हणून तो नियम. मी मोडू शकत न्हाई."

पूनमला आधी रडू आलं, मग राग आला, आणि मग एक गोष्ट लख्ख कळली. हा नियम तो आज मोडता, तर तो तिला आवडलेला दत्ताच राहिला नसता.

"तुम्ही वाट बघा, असं मी म्हणणार न्हाई," तो गाडीच्या हँडलला म्हणाला. "तेवढा हक्क न्हाई मला. घरचे स्थळं बघतील, तुम्हाला कुणी आवडंल… पण दोन वर्षांनी ह्या तारखेला रविवार येतोय. सकाळी मी हितं येईन. असाल तर असाल."

पूनमनं मान वर केली. "रविवार येतोय, हे तुम्हाला कसं ठाऊक?"

तो गडबडला. मग पिशवीतून वही काढली, मागचं पान उघडलं आणि तिच्याकडे न बघता पुढं धरली.

पानावर तारखा होत्या, एकाखाली एक, त्याच्या त्या नीटस अक्षरात. प्रत्येक मंगळवार, प्रत्येक शुक्रवार. आणि प्रत्येक तारखेपुढं त्याच तारखेचा दोन वर्षांनंतरचा वार. रविवार, गुरुवार, रविवार, गुरुवार… पहिली ओळ एकवीस नोव्हेंबरची होती. फुलं पहिल्यांदा वहीवर पडली, त्या शुक्रवारची. प्रत्येक ओळ खोडलेली होती, फक्त सगळ्यात खालची मोकळी होती.

"दर खेपेला वाटायचं… आज संपलं, तर कवा येता येईल," तो म्हणाला.

पूनम ते पान बघत राहिली. तीन महिने हा माणूस कागदात डोकं घालून बसायचा आणि तिला वाटायचं, तो तिच्याकडे बघत नाही.

तिनं त्याच्या खिशातलं पेन काढलं. शेवटच्या ओळीत, रविवारच्या पुढं, तिनं लिहिलं, 'असेन', आणि वही मिटून त्याच्या हातात दिली.